आहेराच्या पाकिटातलं पीस

अकोल्याच्या लग्नात मी स्टेजवर चढलो, नवरदेवाच्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं, त्याच्या पाठीवर थोपटलं, फोटोवाल्याकडे पाहून हसलो आणि खाली उतरून सरळ जेवणाच्या रांगेत उभा राहिलो. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. दोनदा घेतली. आपण आपलं कर्तव्य व्यवस्थित पार पाडलं, असं समाधान मला आयुष्यात क्वचित मिळतं. त्या दुपारी मिळालं. आणि नेमकं त्याच पाकिटात पैसे नव्हते. अंदमानातल्या एका पाखराच्या शेपटीची दोन पिसं होती.

हा घोटाळा कसा झाला ते मीच सांगितलेलं बरं. आमच्या घरात तो एरवी बायको सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी पहिल्या वाक्यापासूनच आरोपी असतो.

आमची मुलगी पक्ष्यांवर संशोधन करते. नातेवाइकांना हे समजावून सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली. अर्ध्यांना वाटतं ती गुरांची डॉक्टर आहे, उरलेल्यांना वाटतं पोल्ट्रीत आहे. एका काकांनी तर आपल्या कोंबड्या माना टाकून राहिल्या म्हणून तिला फोनही केला होता. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. त्यामुळे ‘जनुकं’ हा शब्द मी जितक्या आत्मविश्वासानं उच्चारतो, तितका त्याचा अर्थ मला कळत नाही.

तिचं काम अंदमानातल्या दोन बेटांवर. बेटांची नावं ती सांगते, माझ्या लक्षात राहत नाहीत. म्हणून घरात आम्ही त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणतो, म्हणजे आपल्याच भावकीतली वाटतात. एकावरून दुसरं दिसतं. दोन्हींवर चष्मेवाला नावाचं पाखरू राहतं. मुठीत मावेल एवढं, हिरवट-पिवळं, डोळ्याभोवती पांढरं कडं. त्याचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. चिखलदऱ्याला मी पाहिलेत. म्हणजे मुलीनं झाडाकडे बोट दाखवलं, तेव्हा तिकडे पाहून ‘हो, हो’ म्हणालोय.

तर थोरल्या बेटावरच्या चष्मेवाल्यांची चोच आखूड, धाकट्यावरच्यांची लांब.

“लांब म्हणजे किती?” मी एकदा विचारलं होतं.

“तांदळाच्या कणीएवढा फरक, बाबा.”

“एवढ्या कणीसाठी तू समुद्र ओलांडून गेलीस?”

“लोक नाकाच्या तेवढ्याच फरकावरून स्थळं नाकारतात,” ती म्हणाली. मी विषय बदलला. आमच्या घराण्याचं नाक हा नाजूक विषय आहे.

यंदा धाकट्या बेटावर तिच्या जाळ्यात एक वेगळंच पाखरू आलं. जाळी म्हणजे केसासारख्या बारीक दोऱ्याची. पाखरू त्यात अलगद अडकतं, मग त्याला काढून कापडी पिशवीत ठेवायचं, चोच-पंख मोजायचे, पायात कडं घालायचं, वनखात्यानं परवानगी दिलीय तेवढंच एखाद-दुसरं पीस घ्यायचं आणि सोडून द्यायचं. धाकट्या बेटावर सगळी लांब चोचीची जमात, आणि हा गडी आखूड चोचीचा! तिनं शेपटीची दोन पिसं घेतली आणि त्याला सोडलं. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत जाळं लावून बसली, पण तो काही पुन्हा आला नाही. आमच्याकडेही एकदा जेवून गेलेला पाहुणा लवकर फिरकत नाही, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

त्या दोन पिसांवर तिचं सगळं अडलेलं होतं. तिच्या मार्गदर्शक बाईंचं म्हणणं, ही पाखरं पाणी ओलांडतच नाहीत. दोन्ही बेटांचा एकमेकांशी काडीचा संबंध उरलेला नाही. मुलीचं म्हणणं, क्वचित का होईना, पण ओलांडतात. पुरावा काय? ते एकच पाखरू. पिसाच्या बुडाशी, जिथं ते कातडीत रुतलेलं असतं तिथं, पाखराच्या सगळ्या खानदानाचा पत्ता असतो म्हणे. तो वाचला की कळणार. पीस गेलं तर प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण गेलं.

एवढं मोलाचं पीस घेऊन ती अमरावतीला आली ती अकोल्याच्या लग्नासाठी. लग्न माझ्या मावसभावाच्या मुलाचं; ते आटोपून, घरी परतून मग तिला प्रयोगशाळा गाठायची होती. घरी आल्या आल्या तिनं पिसांची कागदी पाकिटं बाहेर काढली तर बेटावरच्या दमट हवेनं ती पापडासारखी मऊ पडलेली. बुरशी लागेल म्हणून ती घाबरली.

“कोरडी पाकिटं आहेत का घरात?”

बायकोनं कपाटातून आहेराच्या पाकिटांचा गठ्ठा काढला. लग्नसराईत आमच्याकडे तो घाऊकच आणलेला असतो. गुलाबी, वर सोनेरी गणपती, आणि कोपऱ्यात चिकटवलेला रुपया.

“आई, यावर रुपया आहे.”

“मंग काय झालं? शुभ असते. तुह्या पाखरायचंही भलं होईन.”

मुलीनं सगळी पिसं त्या पाकिटांत भरली, मागच्या बाजूला पेन्सिलीनं आकडे टाकले आणि पाकिटं मिठाईच्या खोक्यात रचली. ते एक खास पाकीट मात्र हरवू नये म्हणून वेगळं काढून फ्रिजवर ठेवलं. आमच्या घरात महत्त्वाची वस्तू फ्रिजवर ठेवतात. बायकोनंही लग्नाचा आहेर तयार करून, पैसे घालून, पाकीट बंद करून कुठं ठेवावं? फ्रिजवर.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. निघायच्या घाईत बायको खालून ओरडली, “अवो, पाकीट घेतलं का?” मी फ्रिजवरून घेतलं. चष्मा बॅगेत गेलेला. मागे काहीतरी आकडा दिसला, तो मला दुकानदारानं घातलेला भाव वाटला. बाकी पाकीट वजनाला अगदी आमच्या आहेरासारखं, म्हणजे हलकं. मी त्यावर बॉलपेननं वधूवरांची नावं घातली आणि खाली वळणदार अक्षरात ‘अनेक शुभाशीर्वाद’ लिहिलं. त्या वळणांतच जागा संपली आणि स्वतःचं नाव घालायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं फ्रिजवरचं पाकीट उचललं, उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “यात पैसे आहेत.”

मी म्हणालो, “वा!” एवढंच सुचलं.

मग माझ्याही डोक्यात हळूहळू उजेड पडला. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तिची आई दोघांकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर, लग्न झाल्यापासून ज्याची वाट पाहिली ते एकदाचं घडल्यासारखा, एक प्रकारचा निवांतपणा आला होता.

मी मावसभावाला फोन लावला. एका कानानं मला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावून बोलतो.

“भाऊ, इकडं वांधे झाले बावा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “आहेराच्या पाकिटातून पिसं निघाले.”

“पिसं?” मी म्हणालो.

“दोन. हिरवे. माय म्हनते, कोनीतरी करनी केली. सारी गल्ली जमा झाली. पाकिटावर नाव नाई, गाव नाई. कोन असन भौ असा नालायक?”

इथं एखाद्या सरळ माणसानं सांगून टाकलं असतं. मी म्हणालो, “आजकाल कोणाचा भरवसा राहिला नाही.”

फोन ठेवला. मुलगी समोरच उभी होती. आतून चपला घालून आली आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. तिची आईही पदर खोचून मागोमाग निघाली. “मी येतो संगं,” ती म्हणाली. “तुमच्या भरवशावर सोडलं तं तुमी तिकडं करनीची शांत कराले पुरोहित बोलावसान.”

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. शेवटी मीच विचारलं, “करणीच्या पिसांचं काय करतात गं?”

“लिंबू-मिरची-मीठ घालून उतरवतात, अन् नदीत सोडतात,” बायको म्हणाली. “नाई तं चुलीत जायतात.”

मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. “मीठ चालेल,” ती म्हणाली. “लिंबू नको. आग तर नकोच.” मग काही वेळानं म्हणाली, “जरा जोरात चालवा नं, बाबा.” मी गाडी कधी जोरात चालवत नाही. त्या दिवशी एका ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलं.

अकोल्यात मावशीच्या दारी मांडव अजून तसाच होता. मावशी म्हणजे नवरदेवाची आजी, माझ्या आईची धाकटी बहीण. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर ती एखाद्या ठाणेदारासारखी बसली होती. समोर पाटावर एक मातीचं ठिकरं, त्यात जाडं मीठ, सुक्या मिरच्या, बिबा, अर्धं कापलेलं लिंबू, आणि त्या लिंबाखाली चपटं झालेलं एक हिरवं पीस. एकच. दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मुलीनं माझा दंड इतक्या जोरात धरला की मला माझाच राग आला.

“या,” मावशी म्हणाली. “पाहा, काय दिवस आले. दिवस मावळला का मोर्णा नदीत सोडून देतो.”

“मावशी, कोणावर संशय?” मी विचारलं. हा प्रश्न विचारायची मला काहीच गरज नव्हती.

मावशीनं आतल्या खोलीकडे हनुवटी केली. नवी सून रत्नागिरीकडची. पोरानं पुण्यात नोकरी करता करता स्वतःच जमवलेली. आमच्या घराण्यात पोरी दिल्या-घेतल्या जायच्या त्या अकोला, अमरावती, फार तर अचलपूरपर्यंत. समुद्र पाहिलेली सून ही पहिलीच. “पोरगी चांगली हाय,” मावशी हळूच म्हणाली. “पन तिच्याकडचं कोन कसं असन, आपल्याले काय ठाव? मासे खानारे लोक.”

आता बोलणं भागच होतं. तरी शेवटचा प्रयत्न म्हणून मी म्हणालो, “मावशी, अंदमानात तर असं पीस फार शुभ मानतात. आहेरात देतात.”

“बाबा!” मुलगी म्हणाली. “काहीही काय सांगता? असं काही नसतं, आजी. ते पाकीट बाबांचं होतं. ती पिसं माझी आहेत.”

मावसभाऊ माझ्याकडे पाहू लागला. ‘नालायक कोण’ याचं उत्तर त्याला घरबसल्या मिळालं होतं.

मावशीनं मला खालून वर पाहिलं. “म्हनजे करनी तुनं केली?”

“चुकून, मावशी.”

“मंग पैसे कुठं हायेत?”

बायकोनं पर्समधून खरं पाकीट काढून मावशीच्या मांडीवर ठेवलं. “घ्या मावशी. हे असे हायेत पहिल्यापासून. तुमच्या बहिणीले पुसलं असतं तं तिनं सांगतलं असतं.”

इथं गोष्ट मिटायला हवी होती, पण मावशीची अडचण झाली. सगळ्या गल्लीला बोलावून करणी जाहीर केलेली. आता ती भाच्याच्या बावळटपणावर संपली असं सांगायचं, तर इभ्रतीचा प्रश्न. तिनं ठिकरं उचलून मांडीवर घेतलं आणि त्यावर हात ठेवला.

“असं नाई देत,” ती म्हणाली. “आधी सांग, पोरी, ह्या पिसात असं काय हाय का तू अमरावतीहून पयत आली? नाई पटलं तं जाईन हे मोर्णेत.”

मुलगी खाली बसली. पाटाशेजारी अक्षतांचं ताट होतं. आमच्याकडे ज्वारीच्या अक्षता, लाल अन् पिवळ्या रंगवलेल्या. तिनं ताट पुढं ओढलं आणि एक रिकामी वाटी मागितली.

“हे ताट म्हणजे मोठं बेट. हे दाणे पाखरं. लाल म्हणजे आखूड चोचीची, पिवळी म्हणजे जरा लांब चोचीची. बहुतेक लालच आहेत, बघा. एकदा वादळ आलं.” तिनं डोळे मिटून चिमूटभर दाणे उचलले आणि वाटीत टाकले. “वाऱ्यानं एवढी पाखरं समोरच दिसणाऱ्या लहान बेटावर नेऊन टाकली.”

मावशीनं वाटीत डोकावलं. “पिवये जास्त आले.”

“आले. आपण निवडून नाही टाकले, असेच आले. लहान बेटाची सुरुवातच अशी होते, जे हातात आलं त्यावर. आता त्या बेटावरची फुलं खोल नळीची. मध तळाशी. आखूड चोच पोचत नाही. मग दुष्काळात कोण जगेल?”

“पिवये.”

“त्यांचीच पिल्लं पुढं जास्त. असं होत होत हजारो वर्षांनी सगळं बेट लांब चोचीचं.”

“अच्छा!” मी म्हणालो, कारण शिक्षक माणूस फार वेळ गप्प बसू शकत नाही. “म्हणजे फुलात घालून घालून त्यांची चोच वाढली.”

“नाही, बाबा. घालून घालून काही वाढत नाही. ज्याच्या जनुकांतच लांब चोच होती तो जगला, त्यानं ती पोरांना दिली.”

“घालून घालून वाढलं असतं,” मावशी म्हणाली, “तं सगळीकडं खुपसून खुपसून याचं नाक केवढं झालं असतं!”

माझ्या बायकोला हसताना पाणी प्यायची सवय आहे. तिला ठसका लागला.

“बरं,” मावशी म्हणाली. ती आता खुर्चीच्या कडेला सरकली होती. “मंग पलीकडचं बेट दिसते म्हनतं, तं उडून जात नाई का थे? पंख हायेत नं?”

“पंख आहेत, पण जात नाहीत. पाणी आलं की मागं फिरतात.”

“आमच्यासारखंच,” मावसभाऊ म्हणाला. “आपल्या आबानं मोर्णेच्या पल्याड पोरगी देली नव्हती. चालत गेलं तं विडी संपत नाई एवढं अंतर.”

“तेच तर, काका. आता कोणीच आलं-गेलं नाही तर काय होतं? लहान बेटावर सगळे एकमेकांचे नातेवाईक होतात. घरातल्या घरात. एखादं दुखणं असेल तर तेच फिरत राहतं. अन् फार आले तर? मोठ्या बेटाची आखूड चोच इतकी मिसळते की लहान बेटाचं वेगळेपणच पुसून जातं. पण अधूनमधून एखादं आलं...” तिनं ताटातला एक लाल दाणा उचलून वाटीत टाकला. “एका पिढीत एखादं पाखरू आलं अन् त्याला पिल्लं झाली, तरी दोन्ही बेटांचा सांधा टिकतो म्हणतात. चोच लांबची लांब राहते, अन् रक्तही शिळं होत नाही.”

मावशी बराच वेळ त्या लाल दाण्याकडे पाहत राहिली. मग तिनं ठिकऱ्यावरचा हात काढला. “अन् हे पीस?”

“लहान बेटावर आखूड चोचीचं एकच पाखरू मिळालं, आजी. त्याचं आहे. ते स्वतः पलीकडून उडून आलं, का त्याची आई आली होती, का बाप, का इथलंच असून चोच आपली अशीच निघाली, हे मला पाहायचंय.”

“चोच पाहून नाई समजत?”

“नुसतं नाक पाहून कोणाचं पोर ते समजतं का?”

“याचं समजते,” मावशीनं माझ्याकडे बोट केलं. “पन सगळ्यायचं नाई समजत, हे खरं. अन् येते कोन? बाई का मानूस?”

“पाखरांत बहुतेक माद्याच दूर जातात. नर जन्मले तिथंच आसपास राहतात.”

“म्हनजे तिकडंई पोरीच सासरी जातात!” मावशीनं आपल्या मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अन् पोट्टे घरी बसून खातात. सारखंच हाय बापा सगळीकडं.”

तिनं ठिकरं मुलीच्या पुढ्यात ठेवलं. मुलीनं पीस हळूच उचललं. लिंबाच्या रसानं ते लिबलिबीत झालं होतं आणि बुडाला बिब्याचा काळा डाग. तिनं ते उजेडात धरलं, बोटांत फिरवलं, आणि तिचा चेहराच उतरला. “बुडाचं टोकच गेलंय,” ती म्हणाली. “यातून काही निघायचं नाही.” आवाज तिनं नीट ठेवला होता. लहानपणी पडली की असंच ठेवायची.

“दुसरं कुठं हाय वो?” बायकोनं विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. मावशी म्हणाली, दोन होते खरे, गर्दीत कुठं गेलं काय माहीत. मावसभावानं सतरंज्या उचलून पाहिल्या. मी खुर्च्यांखाली वाकलो, कारण काहीतरी करताना दिसणं मला आवश्यक वाटलं.

तेवढ्यात आतल्या दारातून नवी सून बाहेर आली. हातभर हिरवा चुडा, अन् हातात मोबाईल. ती मघापासून दारामागून सगळं ऐकत होती.

“हे चालतंय का बघा,” ती म्हणाली आणि मोबाईल उलटा केला. मागच्या पारदर्शक कव्हरात, तिच्या अन् नवऱ्याच्या छोट्या फोटोच्या बाजूला, ते दुसरं पीस होतं. हिरवं, सरळ, कोरडं ठणठणीत. “पाकीट उघडलं तेव्हा पडलं होतं खाली. छान रंग वाटला म्हणून ठेवलं.”

“तुले भेव नाई वाटलं?” मावशीनं विचारलं. “सारी गल्ली करनी-करनी करून राहिली होती!”

“आजी, आमच्याकडे अंगणात रोज पिसं पडतात. भ्यायचं म्हटलं तर अंगण कोण झाडणार?”

मावशीचं तोंड उघडलं, मिटलं, मग तिला हसू फुटलं. ती काही चूक झाली म्हणणाऱ्यांतली नाही. तिनं फक्त शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, “बस अशी इथं, पोरी. आत काहून बसून राहिली कालपासून?” जणू आत बसवणारी दुसरीच कोणी होती. आणि गल्लीतल्या दोन बाया फाटकाशी डोकावल्या, तेव्हा तिनंच मोठ्यानं जाहीर केलं, “करनी-बिरनी काई नाई वं. अंदमानाच्या पाखराचं पीस होतं. आमच्या नातसुनंनं जपून ठेवलं म्हनून वाचलं.” माझ्या नावाचा त्यात उल्लेख नव्हता. मी मनोमन मावशीचे आभार मानले.

मुलीनं ते पीस कव्हरातून काढलं. बुडाचं टोक शाबूत होतं. आपल्या ओढणीनं तिनं डोळे पुसले आणि नव्या सुनेला म्हणाली, “वहिनी, हे कसं राहिलं, हे मी बाईंना कधीच सांगणार नाही.” पाकीट मात्र मावशीनं दिलेलं पुन्हा आहेराचंच होतं. दुसरं घरात नव्हतं.

त्यानंतर काही महिने वाट पाहण्यात गेले. ती प्रयोगशाळेत, आम्ही इकडे. आठवड्यातून एकदा मावशीचा फोन यायचा. “पाखराचं काय झालं?” एवढंच विचारायची. माझ्या गुडघ्यांची चौकशी तिनं त्या दिवसांत बंद केली होती.

एका रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. पीस नीट वाचता आलं होतं. पाखरू धाकट्या बेटावरच जन्मलेलं. बाप तिथलाच, लांब चोचीच्या खानदानातला. पण जनुकांचा एक धागा असा असतो, जो फक्त आईकडूनच येतो, आणि तो धागा सरळ थोरल्या बेटावरचा निघाला. आई पाणी ओलांडून आली होती. मार्गदर्शक बाईंनी निकाल दोनदा तपासायला लावला, आणि मग म्हणाल्या, प्रकरण लिहायला घे.

मी लगेच मावशीला कळवलं. ती म्हणाली, “सूनच होती नं बाहेरची? मले वाटलंच होतं.” आणि फोन बाजूला करून घरात कोणालातरी हाक मारून तेच सांगू लागली. मागून नव्या सुनेचं हसणं ऐकू आलं.

आनंदाच्या भरात मी बायकोपुढं छोटंसं व्याख्यान दिलं. ती खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हणालो, बघ, बाहेरून एक जीव येतो आणि सगळ्या बेटाचं भलं होतं. आता तर शास्त्रानंच सांगितलं. मुलगी अजून दुसऱ्या फोनवर होती; ती म्हणाली, “बाबा, दर वेळी भलंच होतं असं नाही, अन् जे होतं ते आलेल्यांत नाही दिसत, पुढच्या पिढीत दिसतं.”

बायकोनं शेंगा बाजूला ठेवल्या. “हे बरं सांगतलं तुनं,” ती मुलीला म्हणाली. “मी अचलपूरहून ह्या घरात आली, तवापासून वाट पाहून राहिली होती का तुह्या बापात कवा फरक पडते. आता समजलं. तुह्यात पडला, तेवढाच आपला. तुह्या बापाची पिढी तं गेली बावा वाया.”